वीसपैकी एकोणीस

पुजारी बाईंच्या पर्समध्ये कायम तीन लाल पेनं असतात. एक चालू, एक राखीव, आणि राखीव पेन ऐन वेळी दगा देईल म्हणून तिसरं. सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या एका शाळेत त्या तेहतीस वर्षं गणित शिकवताहेत. बाई उंचीने पाच फुटांच्या आतल्या, आवाज बारीक, चालताना डावा गुडघा कुरकुरतो. पण लाल पेन हातात आलं की त्यांची उंची वाढते, असं खुद्द हेडसरांचं निरीक्षण आहे.

समोर लिहिलेलं काहीही आलं की तपासायचं, ही सवय त्यांच्या हाताला लागली आहे; डोक्याला विचारायची गरज राहिलेली नाही. मुलीच्या, श्रावणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा घरातले सगळे वरचा गणपती किती सुबक आलाय ते बघत होते. तोवर बाईंनी चार चुकांना लाल गोल करून समासात ‘पुन्हा लिहा’ असं लिहूनही टाकलं होतं. ती पत्रिका श्रावणीने जपून ठेवली आहे आणि सासरी येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवते.

गुणांच्या बाबतीत तर बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा संस्थेचे एक पदाधिकारी स्वतः स्टाफरूममध्ये आले, चहा घेतला, उन्हाबद्दल बोलले आणि मग हळूच विचारलं, की भाच्याच्या चौतीसचे पस्तीस होतील का. बाईंनी लगेच पेपर काढला, त्यांच्यासमोर पुन्हा तपासला आणि तेहतीस केले. नियमाप्रमाणे खोडलेल्या आकड्याशेजारी पूर्ण नावाने सही ठोकली, अनसूया वेणीमाधव पुजारी, खाली तारीख. सगळ्या नोकरीतली ती एकुलती एक खाडाखोड. त्यानंतर बाईंकडे गुण मागायला कुणी आलं नाही.

मूळच्या त्या करकंबच्या. वडील तिथल्या एका देवळात पूजेला होते. आपली आरती आपण ओवाळायची नाही, हा त्या घरातला पहिला धडा, बाराखडी त्याच्यानंतर. अनसूया सातवीच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आली, तेव्हा घरी येऊन मुकाट भांडी घासायला बसली होती. आईला ही बातमी दोन दिवसांनी शेजारणीकडून कळली. ‘मला येतं’ असं म्हणणारं मूल बाईंना तेव्हापासून जरा उद्धटच वाटत आलं. वर्गात हात वर करणाऱ्याला त्या उत्तर विचारत, पण ते बरोबर आलं तरी शाबासकी अशी नसे. ‘बस’ म्हणत. ते ‘बस’ जरा लांबवलं, तर पोरं समजून घेत, की बाई खूश आहेत.

अशा या बाईंच्या गळ्यात यंदा जूनमध्ये योग पडला. क्रीडाशिक्षक निवृत्त झाले, जागा काही भरली गेली नाही, आणि हेडसरांनी वेळापत्रक पुढं सरकवलं. सातवी अ, बुधवार दुपार आणि शनिवार सकाळ, योग, पुजारी बाई.

“सर, माझा गुडघा बघा, वय बघा.”

“बाई, खेळ दिला असता तर पळावं लागलं असतं. योगात नुसतं बसायचं असतं.”

“बसलं की मला उठता येत नाही.”

“मग उठू नका. बसून शिकवा.” हेडसर हसले, आणि विषय संपला.

पण न येणारी गोष्ट शिकवायची हे बाईंच्या तत्त्वात बसेना. त्यांनी मोबाईलवर धडे लावले आणि समोरच्या खोलीत सोफा भिंतीला सारून सुरुवात केली. वेणीमाधवराव कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, शांत माणूस. पेपर वाचता वाचता ते बायकोचे हाल बघत. बाकीची आसनं कशीबशी जमली, पण वृक्षासन काही जमेना. एक पाय उचलून त्याचा तळवा दुसऱ्या मांडीला लावायचा, हात जोडून वर न्यायचे आणि झाडासारखं उभं राहायचं. बाई तीन आकडे मोजेपर्यंत उभ्या राहत, चौथ्याला नवऱ्याचा खांदा धरत.

“शाळेच्या कुठल्याही कामाला तू एका पायावर तयार असतेस,” वेणीमाधवराव म्हणाले. “आता कुठं गेला तो पाय?”

योगाच्या तासाला मुलांनी घरून अंथरायला आणायचं ठरलं. सोलापुरात त्यासाठी चटई विकत घेणारं घर विरळाच. कपाटात चादरींची थप्पी असतेच, त्यातली एक पोरं काखोटीला मारून आणत. मोराची, कमळाची, चौकडीची. पटांगणाशेजारच्या सभागृहात त्या अंथरल्या की बाजार भरल्यासारखं दिसे. त्या सगळ्या रंगांत शेवटच्या रांगेत एक काळं घोंगडं असे. ते पूनमचं.

पूनम जूनमध्ये नवी आली होती. सांगोल्याकडच्या एका वाडीची. आईबाप मेंढरं घेऊन फिरतीवर, आजी केराबाई वाडीत. पोरीची शाळा सारखी बुडते म्हणून आत्याने, तानाबाईने, तिला सोलापूरला आणलं. पहिल्याच आठवड्यात कुणा सरांनी तिला विचारलं, पाढे येतात का. ती म्हणाली, “न्हाय सर, तेरापातुरच येत्यात.” वर्गात हशा पिकला. त्यानंतर पूनम मान हलवून बोलायला लागली. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. बाई वर्गशिक्षिका, पण त्यांना तिच्याबद्दल माहिती होती ती एवढीच, की शेवटचा बाक, काळं घोंगडं आणि कधी टकटक न करणारं पेन. ‘शांत मुलगी’ असं त्यांनी नोंदवहीत लिहिलं होतं, आणि ते त्यांच्या लेखी कौतुक होतं.

जुलैत इंद्रायणी नावाची एक मुलगी हेडसरांची परवानगी घेऊन आली. एम. एड. करत होती, आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता योग आणि शाळकरी मुलांचा आत्मसन्मान. पद्धत सोपी होती. आधी मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची, मग दोन महिने योग, मग पुन्हा तीच प्रश्नावली. मधल्या काळात मुलांचा आत्मसन्मान किती वाढला ते मोजायचं. प्रश्नावलीत वीस वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्यापुढं ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. मी जशी आहे तशी मला आवडते. मी अभ्यासात चांगली आहे. माझा इतरांना उपयोग होतो. अशी.

मुलांनी मंगळवारी ती भरली. दोन्ही वेळची तुलना करायची म्हणून वर नावंही घातली. इंद्रायणीला त्या दिवशी कॉलेजात तास होता. गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवून, “उद्या नेते हं बाई,” असं म्हणून ती स्कूटीवर बसून गेली.

पुढचा तास बाईंचा मोकळा होता. समोर न तपासलेला गठ्ठा, पर्समध्ये तीन पेनं. जे व्हायचं तेच झालं.

बाईंनी प्रश्नावली मन लावून तपासली. उत्तर म्हणजे बरोबर किंवा चूक, आणि सातवी अ काय चीज आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वरदने वीसच्या वीस ‘होय’ लिहिले होते. ‘माझे अक्षर चांगले आहे’ याच्यापुढच्या ‘होय’वर बाईंनी फुली मारली आणि लिहिलं, ‘कुणी सांगितलं?’ वरदला पडले अकरा. अनीशने उलट सगळे ‘नाही’ लिहिले होते. ‘मी अभ्यासात चांगला आहे’ – नाही. बाईंनी फुली मारून लिहिलं, ‘खोटे. घटक चाचणीत पैकीच्या पैकी.’ त्याला पडले आठ. म्हणजे पेन कुणाचं लाडकं नव्हतं, जे खरं ते खरं.

मग पूनमचा कागद आला. एकोणीस ‘नाही’ आणि एक ‘होय’. बाईंना तिची ना हुशारी माहीत होती, ना ढपणा. पण ज्या घरात त्या वाढल्या तिथं माहीत नसलेल्या पोरीने स्वतःबद्दल ‘नाही’ म्हणणं हेच बरोबर उत्तर होतं. त्यांनी एकोणीस ‘नाही’वर एकोणीस बरोबरच्या खुणा केल्या. अडलं फक्त सातव्या वाक्याला. ‘इतरांना सहज जमत नाही असे काहीतरी मला जमते.’ होय. त्यावर फुली, आणि शेजारी ‘कोणते?’ गणितात पोरं मधली पायरी गाळतात तेव्हा बाई लिहितात तसं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी एकोणीस लिहून खाली वीस लिहिले, आणि त्याखाली, फार क्वचित लिहीत तो शब्द लिहिला. छान.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला कागद वाटले. वरदने तोंड वाकडं केलं. अनीश मात्र आपली फुली पुन्हा पुन्हा बघून लाल होत होता, कारण बाईंनी आपल्याबद्दल असं कधी लिहिलेलं त्याला आठवत नव्हतं.

“सर्वांत जास्त गुण पूनमला. वीसपैकी एकोणीस,” बाई म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पूनम पुढं आली, कागद घेतला, जागेवर जाऊन वाचला, चार घड्या घातल्या आणि कंपासपेटीत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती वर्गात पहिली आली होती.

मधल्या सुट्टीत इंद्रायणी आली. मुलांच्या हातातले लाल कागद बघून ती स्टाफरूमच्या दारातच खांबाला टेकली.

“बाई, हे तपासायचे नव्हते.”

“मग लिहून कशाला घेतले?”

“यात बरोबर-चूक नसतं. त्यांना स्वतःबद्दल काय वाटतं, एवढंच.”

“वाटणं चुकू शकतं की. त्या वरदला वाटतं त्याचं अक्षर चांगलं आहे.”

इंद्रायणी रडवेली झाली होती, पण पोरगी धीराची. ती म्हणाली, माझं मी बघेन, ब तुकडी घेईन, पुन्हा सुरुवात करीन. “पण बाई, ती एकोणीसवाली, पूनम. तिचा कागद मी आत्ता तिच्याकडून मागून बघितला.”

“मग?”

“‘मी जशी आहे तशी मला आवडते’, ती म्हणाली नाही, तुम्ही म्हणालात बरोबर. ‘माझा इतरांना उपयोग होतो’, नाही, बरोबर. ‘मोठी झाल्यावर मी काहीतरी चांगले करून दाखवीन’, नाही, बरोबर.” इंद्रायणीने बोट वर केलं. “एकाच ठिकाणी ती हो म्हणाली होती. तिथं फुली.”

घंटा झाली, त्या तासाला गेल्या, आणि फळ्यावर बेरजेत हातचा विसरल्या. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, पण बाईंना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

त्या दुपारी योगाच्या तासाला काळं घोंगडं नव्हतं; पूनम मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतलीच नव्हती. गुरुवारी बाक रिकामा. शुक्रवारी शिपाई ईश्वरप्पा दारात आला. तो दुधनीचा, बोलण्यात मधूनच कानडी डोकावायचं. “बाई, नोडरी, बघा, कोण आलंय. दाखला मागतेत.”

मागे तानाबाई उभ्या होत्या. कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या एका ठिकाणी त्या कामाला होत्या. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ तसंच होतं. हातात शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठीचा अर्ज, कुणाकडून तरी लिहून घेतलेला.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काय सांगू बाई. पोरगी म्हंती गावाकडं जाते, आजीजवळ. म्हटलं, का गं, कुणी मारलं? तर म्हंती, न्हाय. मला हितलं काय जमत न्हाय, आन् बाईंनी बी तपासून दिलंय, बरोबर हाय म्हणून.” तानाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “मी अडाणी. कागद बघितला, तर एकोणीस गुण. म्हटलं, एवढं गुण पडलं आन् शाळा का सोडती? मला काय त्यातलं कळंना.”

ईश्वरप्पाला कळत नव्हतं, तानाबाईंना कळत नव्हतं. कळत होतं फक्त बाईंना, आणि त्यांना ते नको झालं होतं.

“दाखल्याला वर्गशिक्षिकेची सही लागते,” त्या म्हणाल्या. “ती मी. उद्या शनिवार, सकाळची शाळा. पोरीला घेऊन या. आणि तो कागद आणायला सांगा.”

संध्याकाळी बाईंनी भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली. गठ्ठ्यात उरलेली एक कोरी प्रश्नावली पर्समध्ये होती. ती काढून त्या बसल्या. मी जशी आहे तशी मला आवडते. होय म्हणावं, तर वडील आठवले. नाही म्हणावं, तर पूनम आठवली. त्यांच्या हातातलं पेन एवढा वेळ कागदावर नुसतं कधीच टेकलं नव्हतं. बाईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून, आणि स्वतःचा रागही आला.

वेणीमाधवराव मागून वाकून वाचत होते. “‘नाही’ लिहू नकोस,” ते म्हणाले. “तपासायला मी आहे.”

“खोटे गुण मी देणार नाही,” बाई एकदम म्हणाल्या. “आता जाऊन सगळ्याला ‘होय’ आहे म्हणून सांगू? मला काय माहीत आहे त्या पोरीचं? काहीच माहीत नाही.”

“मग माहीत नाही म्हणून सांग,” वेणीमाधवराव म्हणाले, आणि उरलेली भाजी चिरायला गेले.

शनिवारी सकाळी तानाबाई सभागृहाच्या पायरीवर अर्ज घेऊन बसल्या. पूनम शेजारी उभी. वाडीला जायचं म्हणून घोंगड्याची वळकटी बरोबरच होती. “तास झाला की बघू,” बाई म्हणाल्या. “तोवर अंथर ते.” पूनमने आत्याकडे बघितलं आणि शेवटच्या रांगेत घोंगडं अंथरलं.

त्या दिवशी वेळापत्रकात नेमकं वृक्षासन होतं. बाईंनी ते करून दाखवायला पाय उचलला, तीन आकडे मोजले आणि चौथ्याला ईश्वरप्पाचा दंड धरला. वर्ग खुदखुदला. “हसा,” बाई म्हणाल्या, “आता तुमची पाळी. मी मोजते.”

एक, दोन, तीन. गुळगुळीत फरशीवर मोराच्या आणि कमळाच्या चादरी सरकायला लागल्या. सहाला तिघं पडली. बाराला वरद अनीशच्या अंगावर, आणि दोघं मिळून पुढच्या रांगेवर. वीसला अर्धा वर्ग लोळत होता. चाळीसला चौघं उरली, पंचावन्नला दोघं. साठाव्या आकड्याला सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

पूनम उभी होती. हात वर जोडलेले, डावा पाय उजव्या मांडीशी, नजर खिडकीबाहेर कुठंतरी लांब. हलणं नाही, डुलणं नाही. बाई मोजत राहिल्या. शंभर झाले. पडलेली पोरं उठून बसली आणि त्यांच्याबरोबर मोजायला लागली. दीडशे. ईश्वरप्पा झाडू टेकवून बघत राहिला. दोनशेला पूनमने शांतपणे पाय बदलला आणि पुन्हा उभी राहिली, जणू मधे काही झालंच नाही. तीनशेला बाईंचाच घसा बसला.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “कुठं शिकलीस हे?”

पूनमने पाय खाली ठेवला. मान हलवून भागण्यासारखा प्रश्न नव्हता. ती हळूच म्हणाली, “शिकले न्हाय बाई. मेंढरामागं उभंच ऱ्हावं लागतंय की. बसलं तर मेंढरं पांगत्यात. मग एक पाय दमला की दुसरा. आमच्यात समदीच ऱ्हात्यात. मोठी माणसं काठी घेत्यात, मला काठी लागत न्हाय.”

‘न्हाय’ला या खेपेस कुणी हसलं नाही. वरद तर तोंड उघडं टाकून बघत होता.

“कागद आण,” बाई म्हणाल्या.

कंपासपेटीतून चार घड्यांचा कागद आला. बाईंनी खुर्ची ओढली, कागद मांडीवर सरळ केला आणि पर्समधून पेन काढलं. वर्ग आपोआप भोवती गोळा झाला. पायरीवरून तानाबाईही उठून आल्या.

“हा कागद तपासताना माझी चूक झाली,” बाई म्हणाल्या. तेहतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. ईश्वरप्पाने झाडू भिंतीला लावून ठेवला. “सातवं वाक्य. ‘इतरांना सहज जमत नाही असे काहीतरी मला जमते.’ ही म्हणाली होय. मी फुली मारली आणि विचारलं, कोणते. आज तिने पायरी दाखवली.” त्यांनी फुली खोडली, बरोबरची मोठी खूण केली, शेजारी पूर्ण नावाची सही केली, तारीख घातली.

“आता बाकीची एकोणीस. ती मी तपासायलाच नको होती. मला या मुलीबद्दल काही माहीत नव्हतं, आणि विचारलंही नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, त्याला गुण देता येत नाहीत.” त्यांनी एकेक बरोबरची खूण खोडायला घेतली. पण खाडाखोड म्हटली की सही आली. अनसूया वेणीमाधव पुजारी. अनसूया वेणीमाधव पुजारी. एका पेनाची शाई संपली, राखीव पेन काढलं. पोरं तासाची घंटा विसरून उभी होती. शेवटी त्यांनी वरचे एकोणीस आणि वीस खोडले, तो ‘छान’ही खोडला, त्यावर सही केली आणि नवे गुण लिहिले. एकपैकी एक.

कागद पूनमच्या हातात दिला. ती वाचत राहिली.

“मग दाखल्याचं कसं करायचं बाई?” तानाबाईंनी अर्ज पुढं केला. “येष्टी अकराची हाय.”

बाईंनी अर्ज घेतला. नियमाप्रमाणे पालकाने मागितला तर दाखला अडवता येत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी पूनमकडे बघितलं. पूनम अजून कागदावर बोट फिरवत होती, वरून खाली, एकेक ओळ. बाईंना वाटलं, झालं, उशीर झाला आपल्याला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“बाई,” पूनम म्हणाली. आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. “चौदाव्याला सही ऱ्हायलीया.”

पुजारी बाईंची चूक काढणारं माणूस सातवी ‘अ’ने अजून पाहिलं नव्हतं.

बाईंनी कागद परत घेतला, चष्मा नाकावर सारला. खरंच राहिली होती. पण सही करायच्या आधी त्यांनी चौदावं वाक्य वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं.

“‘मला जे वाटते ते मी सर्वांसमोर बोलू शकते.’ तुझं उत्तर, नाही.” त्यांनी वर बघितलं. “आत्ता कोण बोललं?”

पूनम गोंधळली. “मी.”

“कुणासमोर?”

“समद्यांसमोर.”

“म्हणजे उत्तर चुकलं.” बाईंनी त्या ‘नाही’वर भलीमोठी लाल फुली मारली, राहिलेली सही केली आणि वरचे गुण पुन्हा खोडले. “दोनपैकी एक.”

“गुण कमी झालं की बाई,” पूनम म्हणाली, आणि तिला हसू आलं. बाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं; समोरचे दोन दात जरा पुढं होते.

“झाले खरे.”

पूनम उरलेल्या अठरा ओळींकडे बघत राहिली. “मग बाकीची बी चुकत्याल व्हय?”

तेहतीस वर्षं पोरांना चुकू नका म्हणून सांगत आलेल्या पुजारी बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि अर्जाची घडी घालून ती तानाबाईंच्या हातात परत ठेवली.

“चुकव एकेक,” त्या म्हणाल्या. “घाई नाही. पण तपासायला मला रोज समोर पाहिजेस.”

पूनमने घोंगडं गुंडाळून काखेत मारलं. “आत्या, तू जा कामाला,” ती म्हणाली. “मला गणिताचा तास हाय.”